विचित्र प्राणी विणायचा असेल तर तो निवांत असताना कसा दिसतो ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मला क्रोशाने खेळणी विणता येतात. ससा, अस्वल, हत्ती तयार पॅटर्नवरून कितीतरी वेळा केले. पण माझं खरं मन रमतं ते वेगळ्याच प्राण्यांत. खवले मांजर, अ‍ॅक्सोलॉटल (पाण्यात राहणारा, सरड्यासारख्या अंगाचा उभयचर), ऑक्टोपस, ब्लॉबफिश. यांचे पॅटर्न फारसे मिळत नाहीत आणि मिळाले तरी विणून झाल्यावर ते कार्टूनसारखे दिसतात. स्वतःच्या मनाने खवले मांजर केलं, तर बघणाऱ्यांनी विचारलं, हा अननस आहे का? खऱ्यासारखा प्राणी विणायचा तर सुरुवात कुठून करायची?"

सुरुवात लोकरीपासून करू नका. त्या प्राण्याचा साधा, रोजचा दिवस कसा जातो, तिथून करा. गेली २२ वर्षं मी लोकरीचे आणि कापडाचे प्राणी करते आहे. शाळांसाठी, प्रदर्शनांसाठी आणि बरेचसे नुसत्या आवडीने. या सगळ्या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. विचित्र प्राण्यांची जी चित्रं आपल्या डोळ्यांसमोर सतत येतात, त्यातली बहुतेक त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट क्षणाची असतात. घाबरलेला, पकडलेला, पाण्याबाहेर काढलेला प्राणी आपण बघतो आणि तोच त्याचा चेहरा समजून विणायला बसतो. मग विणकाम कितीही सफाईचं असलं तरी प्राणी खोटा वाटतो.

तुमच्या यादीतला ब्लॉबफिशच घ्या. गुलाबी, लोंबत्या नाकाचा, रडवेल्या तोंडाचा गोळा. २०१३ मध्ये लोकांच्या मतदानात तो जगातला सर्वांत कुरूप प्राणी ठरला. पण हा मासा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या आसपासच्या समुद्रात साधारण ६०० ते १२०० मीटर खोलीवर राहतो. तिथे पाण्याचा दाब पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाच्या ६० ते १२० पट असतो. इतक्या दाबाखाली राहायचं म्हणून त्याचं अंग जेलीसारखं मऊ, पाण्यापेक्षा किंचित हलकं आहे. त्यामुळे फारसे श्रम न करता तो तळाच्या जरा वर तरंगत राहतो आणि समोर येईल ते खातो. जाळ्यात सापडून एकदम वर आला की ज्या दाबाने त्याच्या अंगाला आकार दिलेला असतो तो दाबच नाहीसा होतो आणि सगळं अंग ढासळतं. आपण ज्याला ब्लॉबफिशचा चेहरा म्हणतो ती या अपघाताची खूण आहे. खाली, त्याच्या घरी, तो बेडकाच्या मोठ्या पिल्लासारखा दिसतो. रुंद, जड डोकं, दोन्ही बाजूंना पंख्यासारखे पर आणि मागे निमुळती होत गेलेली शेपूट. मी पहिल्यांदा तो तसा विणला तेव्हा सुईवर अतिशय सुंदर आकार उतरत गेला. डोक्याकडून सुरुवात करून पहिल्या सात फेऱ्यांत भरभर टाके वाढवायचे, चार-पाच फेऱ्या तसंच जायचं आणि मग शेपटीपर्यंत सावकाश, दर तिसऱ्या फेरीला थोडे थोडे कमी करत यायचं. कापूस डोक्यात घट्ट आणि शेपटीत अगदी सैल भरा. एवढ्यावर तो तरंगायला लागतो.

स्लो लोरिसचंही असंच आहे. मोठ्या डोळ्यांचं हे लहानसं माकडवर्गीय जनावर हात वर करून बसलेलं दिसलं की लोकांना वाटतं, गुदगुल्या हव्यात म्हणून हात वर केलेत. खरं तर त्याच्या दंडाच्या आतल्या बाजूला, कोपराजवळ एक ग्रंथी असते. हात वर केले की तिच्यातला स्राव तोंडापर्यंत पोचतो, लाळेत मिसळतो आणि मग त्याचा चावा विषारी होतो. हात वर केलेला लोरिस म्हणजे घाबरलेला आणि चावायच्या तयारीतला लोरिस. फुगलेला फुगा मासा, गोळा झालेलं खवले मांजर, हीसुद्धा घाबरल्याचीच रूपं. त्यांना विणू नका असं मी म्हणत नाही, पण आपण काय विणतोय ते विणणाऱ्याला माहीत हवं. मी स्वतः लोरिस विणते तो फांदीला चारही पायांनी धरून सावकाश सरकणारा. तो गोड दिसतो की नाही याची काळजी करावी लागत नाही, तो दिसतोच.

आता तुमच्या खवले मांजराकडे येते, कारण तिथे सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

अननस का झाला असेल याचा मला अंदाज आहे. तुम्ही बहुधा सगळ्या अंगाला खवले लावले आणि सगळे एकाच मापाचे लावले. खवले मांजराला खवले असतात ते पाठीवर, कुशीला, शेपटीला, डोक्याच्या वरच्या बाजूला आणि पायांच्या बाहेरच्या अंगाला. पोट, गळा, चेहऱ्याचा खालचा भाग आणि पायांची आतली बाजू उघडी असते. तिथे त्वचा आणि विरळ केस. तो गोळा होतो तो याचसाठी, की हा सगळा मऊ भाग आत जावा आणि बाहेर फक्त खवले राहावेत. हे खवले केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांचेच नातलग. प्रत्येक खवला फक्त मुळाशी चिकटलेला असतो आणि त्याचं टोक शेपटीच्या दिशेला मोकळं असतं. ही एवढी गोष्ट लक्षात घेतली की निम्मं काम होतं.

मी माझी पद्धत आकड्यांसकट सांगते. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ३० सेंटिमीटरचं खवले मांजर करायचं आहे असं धरू. चांगला, अगदी बाजूने घेतलेला, चालत असतानाचा फोटो घ्या आणि पट्टीने मोजा. शेपूट जवळजवळ अंगाइतकीच लांब असते हे फोटोत लगेच दिसेल. लोक तिथेच फसतात, शेपूट आखूड करतात. आपल्या खेळण्यात शेपूट १३ सेंटिमीटर, पोटाशी अंगाची जाडी ७ सेंटिमीटर, मानेशी ४. आता तुमच्या लोकरीचा आणि सुईचा एक नमुना तुकडा मुक्या खांबांनी विणा. समजा १० सेंटिमीटरमध्ये २० टाके आणि २२ ओळी बसल्या. पोटाचा घेर म्हणजे ७ गुणिले ३.१४, साधारण २२ सेंटिमीटर, म्हणजे ४४ टाके. सहाच्या पटीत काम सोपं जातं म्हणून ४२ धरा. मानेचा घेर साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे २५, म्हणून २४. मानेपासून पोटापर्यंत अंतर ५ सेंटिमीटर असेल तर त्यात ११ फेऱ्या बसतात. या ११ फेऱ्यांत १८ टाके वाढवायचे, म्हणजे सहा-सहा टाके तीन वेळा, साधारण दर चौथ्या फेरीला. झाला तुमचा पॅटर्न. दुसऱ्या कुणाकडून तो मिळायची वाट बघायला नको.

यात एक बारकावा आहे. वाढवायचे टाके प्रत्येक वेळी एकाच रेषेत एकावर एक आले तर अंगाला सहा कोन पडतात आणि प्राणी नट-बोल्टमधल्या नटासारखा दिसायला लागतो. पुढच्या वाढीच्या फेरीत जागा दोन-तीन टाके सरकवा. शिवाय खवले मांजराचं पोट सपाट आणि पाठ कमानदार असते. म्हणून मी तीनपैकी दोन वेळच्या वाढी फक्त पाठीच्या बाजूला घेते. मग पाठ आपोआप वर उचलली जाते.

खवले वेगळे विणून शिवायचे. एका टाक्याने सुरुवात करा, प्रत्येक ओळीत एक टाका वाढवत पाचांपर्यंत जा, पाच झाल्यावर दोन ओळी सरळ विणा आणि शेवटी वीतभर दोरा सोडून कापा. सुरुवातीचा टाका हे खवल्याचं टोक, शेवटची रुंद कड हे मूळ. शेपटीच्या टोकासाठी तीन टाक्यांवर थांबा, डोक्यावरही तेवढेच. या मापाच्या प्राण्याला शंभराच्या आसपास खवले लागतात. रंग एकच ठेवू नका. मातकट तपकिरीच्या तीन छटा घ्या आणि न ठरवता मिसळा.

शिवायला सुरुवात शेपटीच्या टोकाकडून करा आणि डोक्याकडे या. कौलं शाकारतात तसंच, खालची ओळ आधी. पुढच्या ओळीतले खवले मागच्या ओळीतल्या दोन खवल्यांच्या मधोमध यायला हवेत. फक्त मुळाची कड शिवा, बाजू मोकळ्या सोडा. काम पुरं झाल्यावर प्राणी हातात घेऊन हळूच वाकवून बघा. पाठीवरचे खवले एकामागून एक उघडत जातात, सरळ केला की पुन्हा एकावर एक बसतात. हे मी शेकडो वेळा बघितलंय तरी प्रत्येक वेळी मला तितकाच आनंद होतो, कारण त्या क्षणी आपल्याला कळतं की खरं जनावरही असंच चालतं.

खवल्यांचा दुसराही मार्ग आहे. क्रोकोडाइल टाका नावाचा एक टाका आहे, त्यात विणतानाच खवल्यांच्या ओळी तयार होतात. शिवायचे श्रम वाचतात, पण खवले सगळे एका मापाचे होतात आणि अंग जाड होतं. शेपटीला चालतो, संपूर्ण अंगाला नको. तो वापरायचा असेल तर आधी चार ओळींचा तुकडा विणून खवल्यांची टोकं कुठल्या दिशेला येतात ते बघून घ्या आणि मग ठरवा शेपटीकडून सुरुवात करायची की मानेकडून.

आणि त्याला चालताना दाखवा. डोकं खाली, नाक जमिनीजवळ, पुढच्या पायांची लांब नखं आत मुडपलेली, शेपूट जमिनीपासून जरा उचललेली. दात नसतात, त्यामुळे तोंडाची रेघ अगदी लहान. डोळा काळ्या मण्याएवढा, त्याहून मोठा नको. वेळ असेल तर एक पिल्लूही विणा आणि आईच्या शेपटीच्या मुळाशी बसवा. पिल्लू खरोखरच तिथे बसून फिरतं.

ऑक्टोपसबद्दल एकच गोष्ट मनावर घ्या: आपण ज्याला डोकं समजतो ते डोकं नव्हे. ती गोल पिशवी म्हणजे त्याचं धड, सगळे अवयव त्यात असतात, तिन्ही हृदयंसुद्धा. डोळे त्या पिशवीच्या आणि भुजांच्या मधे असतात आणि तोंड खाली, आठही भुजा जिथे एकत्र येतात तिथे बरोबर मधोमध, पोपटासारख्या चोचीचं. सुरुवातीच्या काळात मीही पिशवीवर हसरं तोंड भरायची. एका प्रदर्शनात आठ-नऊ वर्षांच्या मुलीने माझा ऑक्टोपस उलटा केला, खालची बाजू नीट बघितली आणि विचारलं, "मग हा खातो कुठून?" त्या रात्री मी तोंड उसवलं आणि खाली दोन काळ्या त्रिकोणी तुकड्यांची चोच शिवली. तेव्हापासून माझा प्रत्येक ऑक्टोपस उलटा करून बघण्यासारखा असतो.

भुजांच्या बाबतीत तयार पॅटर्नमध्ये सर्रास स्प्रिंगसारखी गुंडाळी देतात, एका साखळीत तीन-तीन टाके घालून. ती झटपट होते पण आठही भुजा सारख्या दिसतात. ऑक्टोपसच्या साधारण ५० कोटी चेतापेशींपैकी दोन तृतीयांश भुजांमध्ये असतात. एक भुजा कपारीत चाचपत असते, दुसरी दगड धरून असते, तिसरी नुसतीच पसरलेली. म्हणून प्रत्येक भुजा निमुळती नळी म्हणून वेगळी विणा, खालच्या अंगाने एक मजबूत दोरा टाचत न्या आणि हवा तिथे तो ओढून गाठ मारा. जिथे ओढाल तिथे भुजा वळते. खालच्या बाजूला गाठीच्या टाक्याने चोषकांच्या दोन रांगा भरा, टोकाकडे बारीक होत जाणाऱ्या. दोन भुजांच्या मधे मुळाशी पडदा असतो तो विसरू नका, चार-पाच ओळींचा त्रिकोण पुरतो. डोळ्याची बाहुली आडव्या फटीसारखी. ऑक्टोपस तिरका झाला तरी ती फट आडवीच राहते, तेव्हा तुमचा ऑक्टोपस दगडावर कलून बसणार असेल तर बाहुली जमिनीला समांतर भरा. हे फार थोडे लोक करतात आणि बघणाऱ्याला नेमकं काय आवडलं ते सांगता येत नाही, पण तो थांबतो.

तुमच्या यादीत नाही, पण क्रोशा येणाऱ्या माणसाने समुद्री गोगलगाय केलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. कवच नसलेल्या या गोगलगायींच्या ३००० हून अधिक जाती माहीत आहेत आणि रंगांच्या बाबतीत त्या काही राखून ठेवत नाहीत. त्यांच्या कडेला असते तशी झालर क्रोशाला जितकी सहज जमते तितकी दुसऱ्या कुठल्याच हस्तकलेला जमत नाही. त्याचं कारण गणितात आहे. प्रत्येक ओळीत ठरावीक प्रमाणात टाके वाढवत गेलात तर कापडाला सपाट राहायला जागाच उरत नाही आणि ते लाटांसारखं उठतं. २० टाक्यांनी सुरुवात करा आणि दर पाच टाक्यांमागे एक वाढवा. सहा ओळींनंतर सुमारे ६० टाके होतील आणि सैल लाट येईल. तेच दर दोन टाक्यांमागे एक वाढवा, सहा ओळींनंतर सुमारे २२८ होतील आणि झालर इतकी दाट होईल की बोट घालायला जागा राहणार नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या लाटव्हियन गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये याच रीतीने अतिपरवलयी (हायपरबोलिक), म्हणजे असा सगळीकडे लाटांसारखा उठत जाणारा पृष्ठभाग क्रोशाने विणला. त्याआधी विद्यार्थ्यांना दाखवायला कागदाचे नमुने असत, ते हाताळले की फाटायचे. लोकरीचा नमुना चुरगळता येतो, उलटा करता येतो. पुढे २००५ पासून मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी याच टाक्यांचं लोकरीचं प्रवाळबेट विणायला घेतलं आणि त्यात जगभरचे हजारो हात लागले. प्रवाळ, समुद्री गोगलगाय, काही पानांच्या कडा, सगळीकडे हीच भूमिती आहे. घरोघरी झालरी विणणाऱ्या बायकांच्या हातात ती कितीतरी आधीपासून होती.

इथेही निवांतपणाची गोष्ट येतेच. स्पॅनिश डान्सर नावाची मोठी लाल गोगलगाय आहे. सगळीकडे तिचा फोटो झालर पसरून पाण्यात नाचतानाचा असतो. एरवी ती तळाशी सरपटत असते आणि ती झालर पाठीवर आत गुंडाळलेली असते. त्रास झाला की ती झालर उलगडून पोहत निघून जाते. मी ती दोन्ही रूपं दाखवता येतील अशी विणते. झालर सैल ठेवते, म्हणजे हाताने आत गुंडाळता येते. मुलं ती गुंडाळून ठेवतात आणि मग अलगद उघडतात.

अ‍ॅक्सोलॉटलचं फार सांगत नाही, त्याचे पॅटर्न आता बरे मिळतात. फक्त चार गोष्टी तपासा. कल्ले बाहेर, डोक्याच्या मागे, प्रत्येक बाजूला तीन. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच. पाठीवरून शेपटीपर्यंत जाणारा पातळ पर. आणि डोळ्याला पापणी नाही, डोळा लहान. गुलाबी रंग हा माणसाने पाळलेल्यांमध्ये जास्त दिसतो. मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या पाण्यात, जिथला तो मूळचा आणि जिथे आता अगदी थोडे उरलेत, तो गडद, मातकट, ठिपक्यांचा असतो. कल्ल्यांसाठी आठ साखळ्यांची दांडी करा, तिला लोकरीचे छोटे तुकडे गाठवा आणि बारीक कंगव्याने विंचरून पिसासारखे करा. दांड्या मागे झुकलेल्या ठेवा. अ‍ॅक्सोलॉटलवर ताण असला की कल्ल्यांची टोकं पुढे वळतात आणि शेपटीचं टोक मुडपतं. ते पाळणाऱ्या लोकांना हे लगेच ओळखू येतं आणि पुढे वळलेल्या कल्ल्यांचं खेळणं बघून त्यांना वाईट वाटतं.

हाताने केलेला प्राणी खऱ्याची जागा घेऊ शकतो का, असा प्रश्न मला बरेच जण विचारतात. एकेकाळी त्याने ती घेतली होती. लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का हे ड्रेस्डेनचे बाप-लेक काचेचं काम करायचे. १८६३ पासून आधी लिओपोल्ड यांनी आणि पुढे दोघांनी मिळून जेलीफिश, समुद्रफुलं, ऑक्टोपस, समुद्री गोगलगायी असे हजारो नमुने काचेत केले आणि ते जगभरच्या संग्रहालयांनी आणि विद्यापीठांनी विकत घेतले. कारण साधं होतं. मऊ अंगाचा समुद्री प्राणी अल्कोहोलच्या बरणीत ठेवला की रंग उडतो आणि तो आक्रसून पांढुरका गोळा होतो. बरणीतला प्राणी खरा असूनही त्याच्यावरून काही कळत नसे, काचेचा बघून कळत असे. पुढे त्यांनी घरी मत्स्यालय ठेवलं, त्यात जिवंत प्राणी आणून बघितले आणि मग काच वितळवली. हार्वर्डची काचेची फुलं, ज्यांच्यावर काम १८८७ ते १९३६ पर्यंत चाललं, ती याच दोघांची. मला माझ्या कामात आदर्श म्हणून कुणाचं नाव घ्यायचं असेल तर मी या दोघांचं घेते.

याची दुसरी बाजूही आहे, ती बदकचोच्याच्या, म्हणजे प्लॅटिपसच्या गोष्टीत दिसते. १७९९ मध्ये जॉर्ज शॉ यांनी इंग्लंडमध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन लिहिलं तेव्हा त्यांच्यासमोर ऑस्ट्रेलियातून आलेलं वाळलेलं कातडं होतं. चतुष्पाद प्राण्याच्या डोक्याला बदकाची चोच कुणी कारागिराने बेमालूम जोडली असावी, असा संशय त्यांना आला आणि तो त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवला. त्या काळी असा संशय येणं रास्तच होतं, कारण माकडाचं धड माशाच्या शेपटीला शिवून जलपरी म्हणून दाखवण्याचे उद्योग चालायचे. अशीच एक जलपरी खेळ-तमाशे भरवणाऱ्या पी. टी. बार्नम यांनी १८४२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मांडली आणि लोकांनी गर्दी केली. शिवलेली वाटणारी गोष्ट खरी निघाली आणि खरी म्हणून दाखवलेली शिवलेली. म्हणून मी प्रत्येक नगासोबत एक पुठ्ठ्याचं कार्ड देते. त्यावर प्राण्याचं नाव, तो खरा किती मोठा असतो, मी तो कितपट लहान किंवा मोठा केलाय, कशाचा केलाय आणि काय बदललंय ते लिहिते. रंग मी सौंदर्यासाठी बदलला असेल तर तेही. कपाटात शेजारी-शेजारी खरा शंख, लोकरीचा ऑक्टोपस आणि सापडलेलं पीस असेल तर कुठली वस्तू काय आहे हे बघणाऱ्याला विचारावं लागू नये. आणि प्लॅटिपस करणार असाल तर चोच कडक प्लास्टिकची करू नका. ती खरी मऊ, कातड्यासारखी आणि अतिशय संवेदनशील असते, पाण्यात डोळे-कान मिटून तो तिच्याच आधारे भक्ष्य शोधतो. जाड फेल्टचे दोन तुकडे कडेने शिवले की पुरे.

खऱ्या अंगाचे तुकडे कामात वापरू नका हे मी अगदी आग्रहाने सांगते. खवले मांजराच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटिस या वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली २०१६ मध्ये बंदीचा निर्णय झाला तो मुख्यतः या खवल्यांच्या आणि मांसाच्या व्यापारापायी. खरे खवले, प्रवाळ, साळिंदराचे काटे "अस्सल वाटावं" म्हणून लावण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तीच गोष्ट जिवंत प्राण्यांची. विचित्र प्राण्यांची आवड असलेल्या माणसाला कधी ना कधी कुणीतरी विचारतंच, घरी पाळायला हवाय का. लोरिस पाळीव म्हणून विकायला आणतात तेव्हा तो चावू नये म्हणून त्याचे दात कापलेले असतात. एवढं कळल्यावर मला त्याबाबत आणखी काही ऐकायचं उरलं नाही. लोकरीचा लोरिस कपाटावर वर्षानुवर्षं आनंदाने बसतो.

खेळणं लहान मुलांच्या हातात जाणार असेल तर थोडं थांबा. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी डोळे दोऱ्यानेच भरा. प्लास्टिकचे अडकवायचे डोळे पक्के असतात असं म्हणतात, पण विणकाम ताणलं जातं, भोक मोठं होतं आणि डोळा हातात येतो. तार घालायची नाही. वजनासाठी मणी घालायचे तर आधी घट्ट कापडी पिशवीत शिवून मगच. विंचरलेली लोकर, म्हणजे अ‍ॅक्सोलॉटलचे कल्ले, तान्ह्या मुलांसाठी नकोतच, तंतू तोंडात जातात. तिथे साधे विणलेले कल्ले करा.

डोळ्यांवरून आठवलं. मोठे डोळे आणि ते चेहऱ्यावर खाली लावले की कुठलाही प्राणी बाळासारखा दिसतो आणि आपल्याला त्याची माया वाटते. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कोनराड लॉरेन्झ यांनी १९४३ मध्येच हे मांडलं होतं. तयार पॅटर्नमधले प्राणी कार्टूनसारखे वाटतात ते बहुतेक वेळा एवढ्यानेच. टाके, लोकर, आकार तेच ठेवा आणि फक्त डोळे फोटोत मोजून त्या मापाचे, त्या जागी लावून बघा. शिवण्याआधी टाचण्या लावून प्राणी टेबलावर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडे बघा. अर्ध्या सेंटिमीटरने केवढा फरक पडतो ते तिथे समजतं.

तुमचं आधीचं खवले मांजर उसवू नका. त्याच्या पोटावरचे आणि गळ्यावरचे खवले तेवढे काढा, तिथे फिकट लोकरीचा एक लांबट तुकडा शिवा आणि शेपूट आखूड असेल तर टोकाचे टाके उचलून ती वाढवा. शेपटीचे नवे खवले तीन टाक्यांचे करा. मग नाक खाली करून चालतं ठेवा आणि फोटोशेजारी धरून बघा.